सागाची पट्टी भिंतीला बसवताना खिळे, स्क्रू आणि हत्यारं कशी निवडायची

दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी असो की भिंतीच्या पायथ्याचं सागवानी स्कर्टिंग, पुण्यात या कामाची सुरुवात बहुधा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये होते. साग वलसाडी घ्यायचा की सी.पी. (जुन्या मध्य प्रांताकडचा), रेषा सरळ आहेत का, कडेला पांढुरका भाग किती आहे, यावर तासभर बोलणं होतं. खिळ्यांचा विषय निघत नाही. ते सुतार आणेलच, असं आपण धरून चालतो. पट्टी भिंतीवर टिकणार की नाही, हे मात्र त्या खिळ्यावरच ठरतं.

कोथरूडच्या आमच्या घरी हे मी पाहिलं. एप्रिलमध्ये चार इंच उंचीचं, सहा सूत जाडीचं सागाचं स्कर्टिंग बसवलं. कंत्राटदाराच्या माणसांनी एअर गननं, म्हणजे हवेच्या दाबावर खिळे मारणाऱ्या यंत्रानं, दोन तासांत दोन खोल्या पूर्ण केल्या. काम देखणं झालं होतं. जुलैत एका भिंतीवरची पट्टी वरच्या कडेनं सुटून पुढे आली. हातानं ओढली तर खिळ्यांसकट अलगद निघाली आणि खिळ्यांच्या टोकांना फक्त पांढरी भुकटी चिकटलेली होती. मग मोजलं. सहा सूत म्हणजे साधारण १९ मि.मी. खिळे होते ३० मि.मी.चे. म्हणजे पट्टीच्या पलीकडे गेले ११ मि.मी., आणि आमच्या भिंतीवरचा जिप्समचा गिलावाच १२ मि.मी. जाड आहे. एकही खिळा भिंतीत पोहोचला नव्हता. सगळी पट्टी तीन महिने गिलाव्याला लटकून होती.

परदेशी व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत आतल्या भिंतींचा सांगाडा लाकडी असतो. साधारण १६ इंचांवर एकेक उभा वासा, आणि त्यावर अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड. तिथे गनमधला खिळा पट्टीतून, बोर्डातून जाऊन लाकडात रुततो, आणि लाकूड खिळ्याला धरून ठेवतं. आपल्या भिंतीत लाकूड नाही. वीट, ब्लॉक किंवा काँक्रीट आहे आणि त्यावर गिलावा. गिलावा खिळ्याला धरत नाही, खिळ्याभोवती भुगा होऊन मोकळा होतो. म्हणून ‘सागाला कोणता खिळा’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आहे, खिळ्याचं टोक कशात जाणार आहे.

भिंत कशाची आहे ते पाहा

पट्टीमागे झाकलं जाईल अशा जागी ५ मि.मी. बिटनं एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. पडणारी पूड सगळं सांगते. आधी गिलाव्याची पूड येईल, सिमेंटचा असेल तर राखाडी आणि करकरीत, जिप्समचा असेल तर पिठासारखी पांढरी. पूड बदलली की तिथे थांबा आणि बिट किती आत गेलं ते मोजून लिहून ठेवा. ही गिलाव्याची जाडी. आतल्या गिलाव्यात ती बहुधा १२ ते १५ मि.मी. असते, पण भिंत वाकडी असेल तिथे गवंड्यानं २५ मि.मी.पर्यंतही भरलेली सापडते.

त्यानंतर लाल पूड आली तर वीट. फिकट राखाडी, मऊ पूड येत असेल आणि बिट लोण्यात घुसावं तसं आत जात असेल, तर हलके एएसी ब्लॉक. गेल्या काही वर्षांत बाणेर, वाकड, हिंजवडीकडे झालेल्या इमारतींत हे ब्लॉक भरपूर आहेत. बिट पुढेच सरकेना आणि बारीक राखाडी पूड आली, तर काँक्रीट. अॅल्युमिनियमच्या साच्यात अख्खी भिंत ओतण्याची मायव्हान पद्धत जिथे वापरली आहे, तिथे प्रत्येक भिंत अशीच लागते. आणि सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या जुन्या वाड्यात राहत असाल, तर मातकट पूड येईल आणि भोक आपोआप रुंद होत जाईल. ती भिंत सगळ्यांत जास्त काळजी मागते.

भोक पाडण्याआधी विजेच्या नळ्यांचा विचार करा. आपल्याकडे वायरिंग भिंतीत गाडलेलं असतं आणि बहुतेक वेळा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली उभं जातं. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून द्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाण्याच्या नळ्या असतात. तिथे धातू शोधणारं छोटं यंत्र वापरावं, पण प्लास्टिकची नळी त्यात दिसेलच असं नाही. शंका असेल तर त्या भागात भोकच नको, चिकटवण्याच्या मसाल्यावर भागवा.

खिळा कुठे, स्क्रू कुठे

माझं मत स्पष्ट आहे. लाकडाला लाकूड जोडायचं असेल तर खिळा. भिंतीला लाकूड जोडायचं असेल तर गिट्टी (भिंतीच्या भोकात बसून स्क्रूला पकड देणारी नळकांडी) आणि स्क्रू. यात तडजोड करून वाचतो तो फक्त वेळ, आणि तोही पहिल्या पावसापर्यंतच.

दाराच्या पट्टीचं उदाहरण घ्या. तिची आतली कड लाकडी चौकटीवर टेकते, बाहेरची गिलाव्यावर. आतल्या कडेला बिनडोक्याचे खिळे उत्तम, कारण खाली चौकट आहे. बाहेरच्या कडेला तोच खिळा मारला तर तो फक्त दिसायला आहे. पट्टी अडीच इंचांपर्यंत रुंद असेल तर आतल्या कडेचे खिळे आणि बाहेरच्या कडेमागे चिकटवण्याच्या मसाल्याची एक रेघ एवढं पुरतं. त्याहून रुंद असेल तर बाहेरही दोन-अडीच फुटांवर एकेक स्क्रू हवा. चौकट ग्रॅनाइटची असेल, तर खिळ्याचा प्रश्नच उरत नाही.

स्कर्टिंगचा मात्र सगळा भार भिंतीवर. विटेच्या भिंतीत ६ मि.मी. बिट, ६ मि.मी.ची नायलॉनची गिट्टी आणि ८ नंबरचा स्क्रू ही जोडी मला भरवशाची वाटते. स्क्रूची लांबी अशी काढा: पट्टीची जाडी, अधिक गिलावा, अधिक विटेत निदान ३० मि.मी. सहा सूत पट्टी आणि १५ मि.मी. गिलावा असेल तर १९ अधिक १५ अधिक ३० म्हणजे ६४. बाजारात ६५ चा स्क्रू मिळतो, तो घ्या. स्क्रूचं डोकं पट्टीत दाबून त्यावर सागाचं बूच बसवणार असाल, तर ते जितकं खाली जाईल तितकी लांबी यातून वजा करा. गिट्टी गिलाव्यात अडकून राहू नये, पूर्ण विटेत जायला हवी. त्यासाठी गिट्टी भोकात ठेवून वर एक खिळा धरा आणि हलकेच ठोकत आत सरकवा.

एएसी ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. ठोके दिले तर ब्लॉक आतून फुटतो आणि भोक मोठं होतं. गिट्टी लांब घ्या, निदान ५० मि.मी.ची, मोठ्या खाचांची, आणि स्क्रूही त्या प्रमाणात. काँक्रीटला उलट साधी ड्रिल पुरत नाही, रोटरी हॅमरच लागतो. मध्येच सळई लागली तर जोर लावू नका, एक इंच बाजूला सरका.

वाड्याच्या मातीच्या भिंतीत नायलॉनची गिट्टी फिरत राहते. तिथे जुन्या सुतारांचीच रीत चालते. पटाशीनं दोन इंच चौरस खळगा आतून रुंद, तोंडाशी अरुंद असा कोरायचा. त्याच आकाराचा, मागे जाड आणि पुढे निमुळता सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा करायचा, खळग्यात पाणी मारायचं आणि ठोकळा सिमेंटमध्ये बसवायचा. दोन-तीन दिवस पाणी मारून सिमेंट सुकू द्यायचं. मग तो ठोकळा म्हणजे भिंतीत लाकूड आलंच, आणि तिथे खिळाही धरतो, स्क्रूही. मागे रुंद असल्यानं तो ओढून बाहेर येत नाही.

भिंत फारच वाकडी असेल, किंवा एकाच भिंतीवर बरंच लाकूडकाम करायचं असेल, तर मी आणखी एक उपाय सुचवेन. आधी १२ मि.मी. वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्या गिट्टी-स्क्रूनं भिंतीवर मारून घ्या, मागे पाचरी देऊन त्या ओळंब्यात आणा. मग सागाची पट्टी त्या प्लायवर गननं ठोका. खर्च थोडा वाढतो, जाडीही वाढते, पण सागावर एकही स्क्रू दिसत नाही.

स्टीलचे कडक खिळे, ज्यांना दुकानात काँक्रीटचे खिळे म्हणतात, ते सागाच्या पट्टीत मारू नयेत असं माझं ठाम मत आहे. ते जाड असतात, पट्टी चिरतात, आणि तिरका ठोका बसला तर वाकण्याऐवजी तुटून उडतात. प्लायच्या पट्टीपुरते ठीक, पण चष्मा लावूनच.

खिळ्याचं माप

गेजचा आकडा वाढतो तसा खिळा बारीक होतो, हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो. १८ गेजचा खिळा साधारण १.२ मि.मी. जाड, १६ गेजचा १.६ मि.मी. गनचे १८ गेजचे खिळे ‘एफ’ या अक्षरानं मिळतात आणि पुढचा आकडा मि.मी.मधली लांबी सांगतो, म्हणजे एफ-३० हा ३० मि.मी.चा. १६ गेजचे ‘टी’ खिळे मागा. २३ गेजच्या पिना केसासारख्या बारीक असतात. डिंक सुकेपर्यंत बारीक बीडिंग जागेवर धरायला त्या चांगल्या, भार पेलायला नाहीत.

लांबीचा ठोकताळा असा की खिळा पट्टीच्या जाडीच्या अडीच पट असावा. चार सूत पट्टीला, म्हणजे साधारण १२ मि.मी.ला, एफ-३०. सहा सूत पट्टीला एफ-५० किंवा ५० चा टी खिळा. आमच्याकडे चुकलं ते इथेही चुकलंच होतं. त्या जाडीला ३० चा खिळा लाकडावर मारला असता तरी अपुरा पडला असता.

हातानं ठोकायचं असेल तर बिनडोक्याचे खिळे, दुकानात हेडलेस म्हणून मागा, दीड ते दोन इंची, १६ किंवा १७ गेज. ते वजनावर मिळतात, पाव किलोत एक फ्लॅट होतो. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत माप दाखवून हवे तेवढे घेता येतात, आणि चार दुकानं हिंडलं की हाताला बरा वाटणारा खिळाही सापडतो. गंजलेले, तेलकट काळे पडलेले घेऊ नका.

खिळ्याच्या धातूचाही विचार हवा. बाभूळ, ऐन किंवा हल्ली येणारा ओक यांत टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, भरपूर असतं. त्यात साधा लोखंडी खिळा मारला आणि ओल लागली तर खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो, आणि तो पॉलिशखालूनही दिसतो. अशा लाकडाला, आणि बाल्कनी किंवा बाथरूमच्या दारालगत कुठल्याही लाकडाला, स्टेनलेस स्टीलचेच खिळे-स्क्रू वापरा. पितळी स्क्रू सागावर सुरेख दिसतात, पण पितळ मऊ. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून वाट करून घ्या, तो काढा, पितळी स्क्रूला मेण किंवा साबण चोळा आणि मग हातानं पिळा. काळे जिप्सम स्क्रू स्वस्त आणि हाताशी असतात, पण ते कडक असल्यानं सागात नेमके शेवटच्या वळशाला तुटतात.

हत्यारं

घरच्या एका खोलीसाठी गन आणि कॉम्प्रेसर विकत घेण्याची गरज नाही. छोटी हातोडी, अडीचशे-तीनशे ग्रॅमची, आणि सुंभा (खिळा लाकडाच्या पृष्ठभागाखाली दाबायचा पोलादी दांडा) एवढ्यात खिळ्यांचं काम होतं. सुंभ्याचं टोक खिळ्याच्या जाडीएवढंच हवं, मोठं असेल तर लाकडात वाटोळा खड्डा पडतो. सोबत ड्रिल, जिचा हॅमर चालू-बंद करता येतो. गुण्या, ओळंबा, लाईनदोरी आणि पाण्याची पारदर्शक नळी. लांब भिंतीवर दोन टोकांची पातळी काढायला ही नळी मला दोन फुटी स्पिरिट लेव्हलपेक्षा खात्रीची वाटते. खिळे उपटायला पक्कड किंवा जंबूर.

कापण्यावर मात्र पैसे खर्च करा. बाहेरच्या कोपऱ्यांचे ४५ अंशांचे जोड साध्या करवतीनं आणि लाकडी साच्यात जमतात, पण हात बसायला हवा. मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारी विजेची करवत, भाड्यानं मिळाला तर घ्या आणि त्याला ६० ते ८० दातांचं, कार्बाइडच्या टोकांचं पातं लावून घ्या. सागात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका असतो, त्यामुळे साधं पातं लवकर बोथट होतं आणि कापाची कड जळून काळी पडते. पटाशी मात्र नवीन घेण्यापेक्षा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधा. जुनं पोलाद चांगलं सापडतं, धार आपण लावायची.

गन वापरणार असाल तर हवेचा दाब ५ बारपासून सुरू करा, उरलेल्या तुकड्यावर दोन-चार खिळे मारून पाहा आणि खिळा पृष्ठभागाखाली दीड-दोन मि.मी. जाईपर्यंत दाब वाढवत न्या. सागाला बहुतेकदा ६ ते ७ बार लागतात. पट्टी धरणारा हात खिळ्यापासून निदान चार इंच लांब ठेवा. बारीक खिळा कठीण रेषेला अडला की आतल्या आत वळतो आणि पट्टीच्या कडेतून बाहेर येतो. हे इतक्या झटक्यात होतं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

प्रत्यक्ष बसवताना

पट्ट्या आणल्या की लगेच ठोकू नका. ज्या खोलीत बसवायच्या तिथेच, मध्ये बारीक काड्या ठेवून, दहा-पंधरा दिवस आडव्या रचून ठेवा. पुण्याची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. लाकूड त्याप्रमाणे आटतं, फुगतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. १०० मि.मी. रुंद सागाच्या पट्टीत कोरड्या दिवसांपासून पावसापर्यंत साधारण एक मि.मी.चा फरक पडू शकतो. एक मि.मी. ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यानंच पट्टी चिरते, जर वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू एकाच उभ्या रेषेत आवळले असतील तर. म्हणून स्कर्टिंगला स्क्रूंची एकच ओळ ठेवा, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आणि वरच्या कडेमागे लवचिक मसाल्याचे ठिपके द्या. पट्टी मग वरच्या बाजूला मोकळी हलते.

बसवण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूलाही सीलरचा, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचा, एक हात मारा. पुढून पॉलिश आणि मागून कोरडं लाकूड असेल, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या ओल पितात आणि पट्टी वाटीसारखी वळते. आमच्या जुलैतल्या पट्टीचं हेही एक कारण होतं. पांढुरका भाग असलेली पट्टी जमिनीलगत वापरू नका, वाळवी सागाचं लाल लाकूड सोडते पण पांढुरकं सोडत नाही. आणि फरशीपासून दोन मि.मी. अंतर ठेवा, नाहीतर रोज लादी पुसताना खालची कड पाणी शोषत राहते.

मसाला लावायच्या जागी भिंतीचा रंग खरवडून काढा. नाहीतर मसाला रंगाला चिकटतो आणि रंगासकट सुटतो. सागाची मागची बाजू थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, त्याच्या अंगचं तेल डिंकाला नीट धरू देत नाही. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक लाकडाला लाकूड जोडण्यासाठी आहे. भिंतीला पॉलियुरेथेनचा मसाला वापरा.

आता भोकं. सागात हातानं खिळा मारायचा तर आधी भोक हवंच, विशेषतः टोकापासून दोन इंचांच्या आत. भोक खिळ्याच्या जाडीच्या पाऊण हिस्सा आणि लांबीच्या दोन तृतीयांश खोल. एवढं बारीक बिट पटापट तुटतं. त्यापेक्षा खिळ्याहून एक गेज बारीक असा बिनडोक्याचा खिळाच ड्रिलच्या चकमध्ये पकडा, छान भोक पडतं. खिळ्याचं टोक हातोडीनं किंचित बोथट केलं तर चीर जाण्याची भीती आणखी कमी होते. अणकुचीदार टोक रेषा फाकवत जातं, बोथट टोक त्या चुरडत जातं.

खिळे सरळ न मारता दोन-दोनच्या जोडीत, एकमेकांकडे झुकलेले मारा. तिरक्या खिळ्यांची जोडी पट्टीला सरळ ओढून निघू देत नाही. दाराच्या पट्टीला आतून सव्वा फुटावर एक जोडी, स्कर्टिंगला दीड ते दोन फुटांवर स्क्रू, आणि दोन्ही टोकांपासून दोन इंच आत एकेक. नक्षीची पट्टी असेल तर खिळा नक्षीच्या खोबणीत घाला, साधी असेल तर गडद रेषेवर. हातोडीनं शेवटचे दोन मि.मी. ठोकू नका, ते सुंभ्याचं काम.

आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापण्याचा मोह टाळा. पुण्यातल्या नव्या-जुन्या कुठल्याही इमारतीत अचूक काटकोन क्वचितच मिळतो. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या आणि दुसरीचं टोक पहिलीच्या आकाराप्रमाणे कोरून तिच्यावर टेकवा. पहिल्या खोलीत वेळ लागतो, पण लाकूड आटल्यावर त्या जोडात फट दिसत नाही.

भोकं बुजवताना सागाचा भुसा पांढऱ्या डिंकात कालवून भरण्याची पद्धत आहे. मी ती सोडली. डिंक पॉलिश पीत नाही आणि प्रत्येक खिळ्याच्या जागी गडद ठिपका उठून दिसतो. त्यापेक्षा आधी सीलरचा पहिला हात द्या, लाकडाचा खरा रंग बाहेर येऊ द्या, आणि मग त्या रंगाशी जुळणारी लांबी (पुट्टी) किंवा मेणकांडी भरा. स्क्रूच्या भोकांना त्याच पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून काढलेलं बूच, रेषांची दिशा जुळवून, डिंक लावून बसवा आणि दुसऱ्या दिवशी पटाशीनं सपाट करा. त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनं, आणि पॉलिशचे पुढचे हात.